पाडव्याचे तीन संकल्प आणि साडेएकवीस हजार

ताई, सा. न.

मी अडतीस वर्षांची, इंदूरला लोकमान्य नगरात राहते. एका खासगी फर्ममध्ये अकाउंट्स बघते. मिस्टर पीथमपूरला कारखान्यात सुपरवायझर आहेत. मुलगा सातवीत. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आमच्याजवळच असतात. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. दोघांचा मिळून 92 हजार पगार हातात येतो. घरखर्च 61 हजार, गाडीचा हप्ता साडेनऊ हजार, तो अजून दोन वर्षं आहे.

मिस्टरांची एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, 6.1 आली, तेव्हा पाडव्याला ठरवलं की आता पुरे. साखर बंद, त्यांचे दिवसाचे चार चहा बंद, शनिवारी रात्री सराफा बाजारात खायला जाणं बंद. मी जिम लावली, वर्षाचे 14 हजार भरले. माळा रिकामा करायचा. आणि दरमहा 25 हजार बाजूला टाकायचे, म्हणजे पन्नाशीला नोकरी सोडता येईल. तीन आठवडे छान गेले. मग शाळेची फी आली, चुलत नणंदेचं लग्न आलं, टाकलेल्या पंचवीसमधले अठरा काढून घ्यावे लागले. जिमला एकूण नऊ दिवस गेले. माळ्यावरचं सामान अजून हॉलमध्ये आहे. त्यासाठी 6 हजारांचे प्लॅस्टिकचे बॉक्स आणले, ते रिकामेच. त्यात मी सासऱ्यांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, 250 रुपयांना देऊन टाकला. बंदच होता. त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बाकीच्यांना सगळं जमतं, मग मलाच का नाही? माझ्यातच जिद्द कमी आहे का?

लोकमान्य नगरची एक वाचक


प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मी अगं-तुगंच करते.

एकतीस वर्षं मी बँकेच्या काउंटरला बसले. त्यामुळे तुझं पत्र वाचून झाल्यावर पहिल्यांदा केली ती वजाबाकी. 92 हजारांतून 61 गेले, साडेनऊ गेले. उरले साडेएकवीस. तू पंचवीस काढायला निघाली होतीस! ते साडेतीन हजार कुठून येणार होते? आणि फी, लग्न, आहेर हे तर त्या 61 हजारांत धरलेलेच नाहीत. तेव्हा जिद्दीचा प्रश्न इथेच मिटला. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणारी बाई तू. घरच्या हिशेबाला मात्र उत्साहाच्या भरात बसलीस, एवढंच झालं.

दुसरं म्हणजे तीन कामं एका दिवशी सुरू केलीस. ही तिन्ही सारख्या जातीची नाहीत. बचत एकदा बँकेत सही करून लावून दिली की तुझ्यावाचून चालते. चालणं आणि खाणं रोज नव्याने करावं लागतं. पसाऱ्याचं सगळ्यात अवघड, कारण तिथे प्रत्येक वस्तूपाशी थांबून ठरवावं लागतं आणि त्या वस्तू तुझ्या एकटीच्या नसतात. म्हणून माझा क्रम असा: आधी पैसा, मग चालणं, माळा सगळ्यात शेवटी. तू तिन्ही एकदमच धरलीस. माळ्यावरून सामान खाली आलं त्या दिवशी सगळ्या घराचा जीव तिथेच अडकला.

आपल्याच शहराचं बघ ना. 2016च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं, 2017ला पहिलं आलं. लोकांना वाटतं जादू झाली. पण घरोघरी कचरागाडी आली ती आधी दोनच वॉर्डांत. तिथे काय बिघडतं ते बघितलं, मग शहरभर गाड्या फिरल्या. ओला-सुका वेगळा करायचा हात बसला, तेव्हा कुठे आजचे सहा वेगळे कप्पे आले. पहिल्याच दिवशी सहा डबे दारात ठेवले असते, तर माझ्यासकट कोणी ते केलं नसतं.

तर आता पैसा. येत्या पगारापासून 12 हजारांची आर.डी. लाव, दोन वर्षांची, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल अशी. शिवाय 5 हजार वेगळ्या बचत खात्यात. त्या खात्याचं कार्ड घेऊ नकोस, मोबाइलवरही जोडू नकोस. हे पाच हजार वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांचे: शाळेची सहामाही फी, विम्याचे हप्ते, गणपती, दिवाळी, लग्नातले आहेर. हे खर्च अचानक येत नाहीत गं, कॅलेंडरमध्ये छापलेले असतात. आपण त्यांना दर वेळी अचानक आले म्हणतो आणि बचत मोडतो. काउंटरला मी सगळ्यात जास्त एफ.डी. मोडताना पाहिल्या त्या दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आणि शाळा उघडताना. आजारपणाच्या त्यामानाने थोड्या. उरलेले साडेचार हजार मोकळे ठेव. घरात श्वास घ्यायला थोडी जागा लागतेच.

पन्नाशीला नोकरी सोडण्याविषयी खरं बोलते. रागावू नकोस.

आर्थिक स्वातंत्र्याच्या चर्चेत वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम जमली की नोकरी सोडता येते, असं सगळीकडे ऐकशील. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागाराने 1994मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे तपासून मांडलं की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या चार टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर पैसा तीस वर्षं पुरतो. तिथलं निवृत्तीचं वय, तिथली महागाई, तिथले बाजार. आपल्याकडे भाव जास्त वेगाने वाढतात, आणि पन्नाशीला थांबलीस तर पैसा तीस नाही, पस्तीस-चाळीस वर्षं पुरवायचा आहे. मी तरी तेहतीसपट धरेन.

तुझा वर्षाचा खर्च, ते पाच हजारांचं खातं धरून, सुमारे 8 लाख. पंचवीसपट म्हणजे 2 कोटी, तेहतीसपट म्हणजे 2 कोटी 64 लाख, तेही आजच्या भावाने. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात, म्हणजे हे आकडेही दुप्पट. आता तुझी बाजू बघू. दोन वर्षं 12 हजारांची आर.डी., साधारण तीन लाख, ते अडीअडचणीला जिथल्या तिथे राहू दे. गाडीचा हप्ता संपला की त्यातले साडेनऊ हजार दुसरीकडे पळू न देता 12 हजारांत मिळव आणि 21,500 चा एसआयपी लाव, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम, तीही कमी खर्चाच्या साध्या इंडेक्स फंडात, जो शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालतो. दहा टक्के वाढ मिळेल असं समजू. तशी हमी कोणी देत नाही, आणि जो देईल त्याला दारातूनच परत पाठव. या हिशेबाने पन्नासाव्या वर्षी हातात सुमारे 50 लाख. आजच्या भावाने 25 लाख. तुमच्या घराचा तीन वर्षांचा खर्च.

दोन कोटींपुढे पंचवीस लाख बघून तुझा चेहरा पडला असेल. पण तीन वर्षांचा खर्च हाताशी असलेल्या बायका मी काउंटरपलीकडून पाहिल्या आहेत. त्यांना साहेब टाकून बोलला तर त्या दुसरी नोकरी बघू शकतात. मुलाच्या बारावीला अर्धा दिवस काम घेऊ शकतात. सासूबाईंचं ऑपरेशन असलं तर तीन महिने बिनपगारी राहू शकतात. पन्नाशीला नोकरी कायमची सोडणं या पगारात जमणार नाही. पण पन्नाशीला मन मारून नोकरी करत राहावं लागणार नाही, हे जमेल. पगार वाढला तर वाढीतला निम्मा भाग एसआयपीत टाक, मग आकडा आणखी पुढे जाईल. दोघांचा पीएफ मी यात धरलेला नाही. तो म्हातारपणासाठी राहू दे.

विम्याचं थोडक्यात. मिस्टरांना कंपनीकडून आरोग्य विमा असेल तर तो नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबरच जातो. तिघांची स्वतःची पॉलिसी घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला आहे. फॉर्म भरताना ती 6.1 लपवू नका. लपवलेली गोष्ट नेमकी क्लेमच्या वेळी बाहेर येते. सासूबाईंचं आयुष्मान कार्ड काढलंय का? ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. आधार घेऊन जा, हे काम याच आठवड्यात होईल.

आता 6.1. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. देशभर झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे निकाल 2023मध्ये आले, त्यांत या उंबरठ्यावर 13.6 कोटी लोक निघाले. इथून मागे फिरता येतं म्हणून मला तुझ्या मिस्टरांची काळजी आहे तशी आशाही आहे. पण चार चहा एका दिवसात बंद करून नाही. चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर 40 ग्रॅम साखर चहातूनच जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात दिवसभराची मर्यादा 25 ग्रॅमच्या आत सांगितली आहे. पोह्यांतली चिमूट आणि वर जिलेबी मी मोजलेलीच नाही. चहा चारच राहू देत, चमचा दोनाचा दीड करा. पंधरा दिवसांनी एक. जिभेला कळतही नाही. माझ्या घरी असंच झालं. आता कोणाकडे पूर्ण गोड चहा मिळाला तर आम्हाला तो पाकासारखा लागतो.

सराफा बंद करू नका. सराफ्यावाचून शनिवार काढणारा इंदुरी माणूस महिनाभर टिकतो आणि मग एका रात्रीत सगळं भरून काढतो. खरी अडचण जिलेबीहूनही ही आहे की नऊला घरी पोळी-भाजी जेवून अकराला आपण वरून खायला जातो. महिन्यातून एकदा जा, आणि त्या रात्री घरी जेवू नका. दागिन्यांची दुकानं मिटून खाण्याची लागतात त्याच वेळेला पोचा, आधी भुट्ट्याचा कीस खा, गोड एकच घ्या आणि तिघांत वाटून. गाडी लांब लावा, म्हणजे राजवाड्यावरून पायी जाणं-येणं होईल.

जिमचे 14 हजार गेले. ते वसूल करायला म्हणून जाऊ नकोस, त्याने रोज अपराधी वाटण्यापलीकडे काही होत नाही. रात्रीचं जेवण झालं, ओटा पुसला, की चपला घालून तिघं वीस मिनिटं चालून या, अन्नपूर्णेच्या दिशेने दहा मिनिटं आणि परत. जेवणानंतरचं चालणं रक्तातली साखर चढण्याच्या नेमक्या वेळी कामी येतं. ओटा पुसणं तू रोज करतेसच, त्याला चालणं बांधून टाक. वेगळी आठवण ठेवावी लागणार नाही. लंडनच्या संशोधकांनी 96 जणांवर पाहिलं होतं की एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात. कोणाला 18 लागले, कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. तू तीन आठवड्यांवर हात टेकलेस. निम्मी वाटही झाली नव्हती. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करा, त्या तपासणीत साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दिसते. आणि कागद डॉक्टरांना दाखवा, माझ्या चहाच्या चमच्यांवर विसंबू नका.

राहिला माळा.

हॉलमधलं सामान परत वर चढव. हो, खरंच. घरात माणसं येतात, मुलाचा अभ्यास आहे, ते तिथे पडून राहिलं तर रोज सकाळी उठल्याउठल्या तुला हार दिसते. दिवाळीच्या साफसफाईला ते कुठे जात नाही. फक्त एक गोष्ट खाली ठेव: कागद. पत्र्याच्या पेट्या, पिशव्या, फायली, जुन्या डायऱ्या. रविवारी एक पिशवी, एक तास, बस.

हे का सांगते? आमच्या आईच्या रामबागेतल्या घराचा माळा आम्ही बहिणींनी असाच एका दिवसात उरकला होता. लेमन सेट, रुखवतातली मण्यांची बदकं, मिठाईचे रिकामे डबे, घड्या न मोडलेले ब्लाऊजपीस. सगळं झपाझप वाटलं, दिलं, टाकलं. रद्दीचा गठ्ठा बांधून झाला होता. त्यात बिस्किटाच्या चौकोनी डब्याखाली दाबून राहिलेली वर्तमानपत्राची घडी बहिणीच्या हाताला जाड लागली. उघडली तर वडिलांची दोन पासबुकं, निळी, कडा वाळवीने कुरतडलेल्या. एकात शेवटची नोंद शाईची, हाताने लिहिलेली. मी बँकेतली बाई, आणि मीच तो गठ्ठा सुतळीने बांधला होता. दहा वर्षं ज्या खात्याला कोणी हात लावत नाही, त्याचे पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, पण वारसांचा हक्क जात नाही, अर्ज करून मिळतात. आम्हाला मिळाले. कागद पुरे करायला सात महिने लागले. आता रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, 2023 पासून. सासऱ्यांचं नाव आणि पॅन टाकून त्यांची कुठे विसरलेली ठेव आहे का ते बघता येतं. आधी ते बघ. आणि सासूबाईंच्या खात्यावर वारस लावलेला आहे का, तेही बँकेत विचारून घे.

बाकीचा माळा दिवाळीत. तेव्हाही आधी फक्त तुझं स्वतःचं कपाट, तुझ्या साड्या, तुझी भांडी. कपडे बोहारणीला देताना एक लक्षात ठेव: बदल्यात पातेलं घेतलंस तर कपाटातून निघालेला पसारा ओट्याखाली जाऊन बसतो. ज्याला लागतात त्याला तसेच देऊन टाक. सासूबाईंच्या वस्तूंना त्या असेपर्यंत हात लावायचा नाही. त्यांनी स्वतः काढून दिल्या तरच. आणि ते 6 हजारांचे बॉक्स वापरलेले नाहीत, तर दुकानदार परत घेतो का विचार. पसाऱ्यासाठी घर विकत घेतात आणि घरात मावेना म्हणून पसाऱ्यासाठी डबे, हे मला कधी पटलं नाही.

रेडिओचं मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नकोस.

तू लिहिलंस, बंदच होता. पण आकाशवाणीचं इंदूर केंद्र 1955मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं व्हॉल्व्हचा रेडिओ ही इंदूरच्या मध्यम घरातली सगळ्यात मोठी खरेदी असायची. सोफा नंतर, फ्रिज तर फारच नंतर. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो बहुधा आधीच भिंतीवरच्या फळीवर असणार, भरतकामाचा रुमाल घातलेला. सुरू केला की आधी दिवा लागायचा, मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत घर गप्प उभं राहायचं, मग आवाज यायचा. सहा वर्षं त्या घरात सासरे नाहीत. त्यांचं काय काय उरलं होतं, याची मोजदाद सासूबाईंच्या मनात रोज होत असेल. तुला 250 रुपये आणि रिकामी जागा दिसली, त्यात तुझा दुष्टपणा नव्हता. पण त्यांना विचारलं नाहीस, ही चूक झाली, आणि ती चूक म्हणूनच त्यांच्यापुढे जायला हवी.

आज संध्याकाळी त्यांच्या खोलीत जा. मुलाला नको नेऊस, नवऱ्यालाही नको. 'आई, मी तुम्हाला न विचारता दिला, माझं चुकलं,' एवढंच म्हण. पण-बिण लावू नकोस, बंद होता हे तर अजिबात नको. त्या रडल्या तर बसून राहा. अटालेवाला नेहमीचाच असेल तर उद्या त्याला गाठ. असे रेडिओ मोडीत जायच्या आधी कधीकधी जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचलेले असतात. मिळाला तर तो सांगेल ती किंमत दे, बचतीतून दे, माझी परवानगी आहे.

आणि नाही मिळाला तर कागदाच्या पिशव्यांत एक वस्तू शोध. त्या काळी रेडिओला लायसन्स लागायचं. दर वर्षी पोस्टात जाऊन फी भरायची, आणि पोस्टातला माणूस एका छोट्या पुस्तकात तिकिटं लावून शिक्का मारायचा. वर रेडिओच्या मालकाचं नाव आणि पत्ता लिहिलेला असायचा. जपून ठेवणाऱ्या माणसांनी ती पुस्तकं फेकली नाहीत, आणि तुझे सासरे व्हॉल्व्हचा बंद रेडिओ जपणारे होते. येत्या रविवारची पहिली पिशवी सासूबाईंच्या पलंगावर घेऊन बस, त्यांनाच उघडू दे. पुस्तक सापडलं तर मला कळव.

तुझी,
ताई